शिंगवाली सायकल

सायकल करुणासाठी घ्यायची होती, पण तिच्यावर बसून पाहिलं ते करुणा सोडून बाकी सगळ्यांनी.

आधी बसले सासरे, किशनराव. धोतराचा सोगा कमरेला खोचून त्यांनी सेनगावच्या बसस्टँडसमोर एक ऐटदार चक्कर मारली. मग त्यांच्या गल्लीतले अमृतराव बसले. त्यांना सायकल घ्यायची नव्हती, ते नुसते सोबत आले होते. त्यांच्यामागून शेजारच्या हॉटेलवाल्यानंही हात पुसत पुसत एक फेरी मारून घेतली आणि "ब्रेक थोडे कडक हायेत" असा निकाल देऊन तो पुन्हा भज्यांकडं वळला. करुणा आपली दुकानाच्या पायरीशी पदर सावरत उभी.

दुकान हिरासिंगचं. चार पत्रे, एक बाभळीचा खांब आणि खांबाला लटकलेल्या टायरांच्या माळा. जुन्या सायकली घ्यायच्या, उघडायच्या, पुसून-पासून उभ्या करायच्या आणि विकायच्या, हा त्याचा धंदा. त्याचा एक नियम होता: चक्कर मारायची तर चपला दुकानात काढून जायचं. कोणे एके काळी एक जण चक्कर मारतो म्हणून निघाला, तो औंढ्याच्या नागनाथाचं दर्शन घेऊनच परत आला, तेव्हापासूनचा हा कायदा.

"दात दाखव," किशनराव म्हणाले.

"कुणाचे?" हिरासिंगनं विचारलं.

"हिचे." किशनराव उकिडवे बसले. पायडलपाशी जे दातेरी चक्र असतं, त्याच्यावरून त्यांनी अंगठा फिरवला. "झिजले न्हाईत. जवान हाय."

"काका, सायकल हाय ती. खोंड न्हाई."

"चालणारी चीज हाय ना? मग दात, खूर अन् खांदा पाहावाच लागते." त्यांनी टायर दाबून पाहिलं, हॅंडल धरून हलवलं आणि शेवटी सीटवर दोन थापा मारल्या. "गाय हाय बिचारी. घरात बांधायसारखी."

ती निळी लेडीज सायकल होती. पुढं जाळीची टोपली, चेनवर अख्खं झाकण, मागं रुंद कॅरेज. शहाणी, घरंदाज, थोडीशी लठ्ठ. शेवटी कुणाला तरी आठवण झाली आणि करुणालाही एक चक्कर मिळाली. अनवाणी पायांनी ती बसस्टँडभोवती फिरून आली. सायकल चालली, तिच्याबद्दल वाईट बोलावं असं काही नव्हतं.

परत येताना मात्र तिची नजर दुकानाच्या आतल्या कोपऱ्यात गेली. तिथं एक लाल सायकल भिंतीला टेकून उभी होती. टायर बोटभर जाडीचे, सीट चिंचोळी, ना टोपली ना कॅरेज. आणि हॅंडल? मेंढ्याच्या शिंगांसारखं पुढं जाऊन खाली वळलेलं.

"ती कुणाची, दादा?"

"रेसर हाय, बाई. बँकेच्या साहेबाच्या पोराची व्हती. साहेबाची बदली झाली, सामानाच्या ट्रकमधी जागा न्हाई, मंग ठेवून गेले. कुणी घेत न्हाई. दुधाचा क्यान लटकत न्हाई, पोतं बसत न्हाई, बायको बसत न्हाई."

"मारकी दिसते," किशनराव म्हणाले.

सगळे हसले. करुणाही हसली, थोडीशी.

*

करुणाला सायकल कशाला पाहिजे होती, ते सांगितलं पाहिजे.

जूनमध्ये ती शिक्षणसेवक म्हणून लागली होती. शाळा पुसेगावकडं जाणाऱ्या रस्त्याला, एका तांड्यावर. घरातल्या कुणालाही अशी नोकरी आजवर मिळाली नव्हती. ऑर्डर आली त्या दिवशी सासूबाई लक्ष्मीबाई, ज्यांनी जन्मभर लोकांच्या वावरात खुरपं चालवलं, त्या तो कागद घेऊन घरोघर फिरल्या होत्या. वाचता येत नव्हतं. पण कागद उलटा धरला नाही.

तेव्हा राणी सहा महिन्यांची होती. आता नऊ महिन्यांची झाली. खाली दोन दात आले होते आणि स्वभावही.

पहिला आठवडा करुणानं तिला सोबत नेलं. जीपमध्ये आत माणसं, टपावर माणसं, मागं लटकलेली माणसं. धूळ खाऊन, घामानं भिजून लेकरू तापानं फणफणलं. लक्ष्मीबाईंनी मग नातीला सरळ आपल्या मांडीवर ओढून घेतलं. "तू जा शाळेत. माझ्याजवळ राहील ही."

राहायची. सकाळी राहायची, दुपारपर्यंतही राहायची. पण दूध म्हणाल तर आईचंच. बाटली तोंडाशी नेली की ओठ घट्ट मिटायचे. वाटी-चमच्यानं पाजायला गेलं की मान फिरवायची आणि चमचा उडवायची. डाळीचं पाणी, मऊ भात, सगळं करून झालं. भूक लागली की दाराकडं बघत रडायची, रडून रडून झोपायची आणि झोपेतही हुंदके द्यायची. हे करुणाला कुणी सांगत नसे. पण संध्याकाळी घरी आल्यावर लेकीच्या गालांवर सुकलेल्या पाण्याच्या रेघा दिसत. त्यांना कुणी सांगावं लागत नाही.

आणि तिकडं शाळेत करुणाचं निराळंच. मधली सुट्टी जवळ आली की छाती भरून यायची. फळ्यावर बेरजा लिहिता लिहिता ब्लाऊज ओला व्हायचा. ती पदराची दुहेरी घडी करून घ्यायची. पोरं खिचडीला पळाली की रिकाम्या वर्गात दार लोटून ती दूध पिळायची आणि मागच्या लिंबाच्या बुडाशी ओतायची. एकदा खिचडी शिजवणाऱ्या शकुंतलाबाईंनी ते पाहिलं. तांड्यातली म्हातारी बाई, हातभर बांगड्या, आवाज खणखणीत. पण त्या दिवशी हळू बोलली.

"बाई, तिकडं लेकरू उपाशी अन् इकडं तू लिंबाला पाजून राहिली."

दुपारी त्या रस्त्याला जीप नाही, एस.टी. नाही. एवढंसं लेकरू उन्हात सायकलीवर घालून शाळेत आणणंही किशनरावांना पटेना. तेव्हा घरात ठरलं ते असं: सायकल घ्यायची, मधल्या सुट्टीत करुणानं घरी यायचं, पाजायचं आणि परत जायचं. हेडमास्तर तातेराव म्हणाले होते, "घंटेच्या आत वर्गावर आलात तर माझं काही म्हणणं नाही." आणि हे जमलं नाही, तर दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळेत जायचंच नाही. नवरा, धम्मदीप, हिंगोलीला बी-बियाण्याच्या दुकानात कामाला होता. त्यानं हे वाक्य उच्चारलं तेव्हा तो तिच्याकडं न बघता चपलेचा अंगठा बघत होता. करुणा "हो" म्हणाली होती. लक्ष्मीबाई उठून आत गेल्या होत्या.

तर सायकल म्हणजे सायकल नव्हती. तिच्या दोन चाकांवर एक नोकरी आणि एक लेकरू बसायचं होतं, आणि बाकीचे सगळे बसस्टँडभोवती चक्कर मारून ठरवत होते की ब्रेक कडक आहेत.

*

त्या संध्याकाळी किशनराव जेवायला बसले. करुणानं गरम भाकरी ताटात वाढली आणि सहज विचारावं तसं विचारलं,

"मामा, आपला पांढऱ्या तुम्ही कुठं घेतला होता?"

पांढऱ्या म्हणजे त्यांचा बैल. म्हातारा झाला होता, पण पोळ्याला अजून पहिला मान त्याचाच. किशनरावांना त्या बैलाबद्दल विचारणं म्हणजे पाटाचं दार उघडणं.

"बाजारातच घेतला. पण बाजारात न्हाई पाह्यला." त्यांनी घास हातातच ठेवला. "बाजारात सगळेच बैल चांगले चालतेत. सपाट जागा, पोट भरलेलं, मालक शेपूट पिरगाळून राहिला. म्या म्हणलं मालकाला, एक दिवस दे. माझ्या वावरात, माझ्या अवताला जुंपून पाहतो. आपलं वावर म्हणजे चढाचं, काळं, चिकट. तिथं जो चालंल तो बैल. तिथं जो बसला त्याला राम राम."

"आणि दिला त्यानं?"

"काहून न देईल? धाकल्या भावाला बसवलं ना त्याच्याजवळ. माणूस ठेवला. माणसापरीस मोठं तारण हाय का?"

"मग मामा," करुणा तव्यावरची भाकरी उलटत म्हणाली, "सायकल बसस्टँडभोवती फिरवून कशी कळंल?"

किशनरावांचा घास तोंडापाशीच थांबला. लक्ष्मीबाई राणीला पायांवर झोपवत होत्या, त्या पदरात तोंड घालून हसायला लागल्या.

"धरलं ना तुमाला! चांगलं कानाला धरलं."

किशनरावांनी घास चावला. बराच वेळ चावला.

"बराबर हाय," ते म्हणाले.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी ते करुणाला घेऊन हिरासिंगच्या दुकानात हजर.

"लेडीज दे. आजच्या दिवस जुंपून पाहतो."

"दिवसभर?" हिरासिंगच्या हातातला पाना खाली आला. "काका, दिवसभर सायकल देऊ अन् तुमच्या चपला ठेवू? तुमच्या ह्या चपला तर कुत्रं बी नेणार न्हाई."

"चपला बी ठेव अन् मला बी ठेव." किशनरावांनी चपला काढल्या आणि टायरांच्या ढिगावर ऐसपैस बैठक मारली. "सून येईल तवा सोड."

करुणाला हसू आलं. डबा टोपलीत ठेवून ती निघाली.

पावसानं उघडीप दिली होती. रस्त्याच्या दोन्ही अंगाला सोयाबीन कमरेला लागलेलं. सकाळी वारा पाठीशी होता, तेव्हा निळी गाय झोकात चालली. पण मधल्या सुट्टीची घंटा झाली, करुणा घराकडं निघाली आणि वारा समोरून आला. पोळ्यानंतरचा तो वारा आडदांड असतो. टोपली वाऱ्याला अडवायची, पदर फुगायचा, ताठ बसलेली करुणा म्हणजे उभं केलेलं शीडच. ओढ्याच्या पुढचा चढ आला. तिथं पायडल जडशीळ झालं, मग सायकल थांबली, मग करुणा उतरली आणि ढकलत चालू लागली.

घरी पोचली तेव्हा राणीचं रडून झालं होतं आणि डोळे मिटत होते. आईचा वास येताच ती खडबडून जागी झाली, झेपावली. दाराआड बसून करुणानं तिला छातीशी घेतलं. लेकीचा हात आधी पदर मुठीत धरायचा, मग हळूहळू सैल व्हायचा. ती मूठ अजून सैल झाली नव्हती, तेवढ्यात लक्ष्मीबाई दारातून म्हणाल्या, "करुणा, पोरी, सावली फिरली."

जावं लागणार होतं. पिणाऱ्या लेकराच्या ओठांच्या कडेला बोट घालून तोंड सोडवावं लागतं. करुणानं तसं केलं. राणी क्षणभर नुसती बघत राहिली, हे काय झालं ते न कळून. आणि मग जी रडली, ते रडणं गल्लीच्या टोकापर्यंत करुणाच्या पाठीमागं येत राहिलं.

शाळेत पोचली तेव्हा घंटा होऊन गेली होती. तिचा वर्ग तातेराव घेत होते. ते खडू तिच्या हातात देऊन निघून गेले. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

*

"बसली का?" संध्याकाळी किशनरावांनी एवढंच विचारलं. बैल बसतो तसं.

"चढावर बसली, मामा."

हिरासिंगनं सायकल आत घेतली. किशनराव चपला पायात घालत होते. करुणा कोपऱ्यात बघत म्हणाली, "उद्या ती देता का, दादा?"

"कोणती? शिंगवाली?" हिरासिंगनं आधी तिच्याकडं, मग किशनरावांकडं पाहिलं. "बाई, तिला मर्दानी दांडी हाय. पाय वरून टाकावा लागते. साडीत कसं जमंल?"

करुणाला जमत होतं एके काळी. पुसेगावला, माहेरी, बापाची काळी सायकल होती. आधी दांडीखालून पाय घालून, मग दांडीवरून, ती पार मळ्यापर्यंत जायची. मग एक दिवस आई म्हणाली, आता मोठी झालीस, पुरे. सायकल तशीच भिंतीला राहिली. पाय मात्र विसरले नव्हते. ते आज दुपारच्या चढावरही दुसरंच काहीतरी मागत होते.

घरी येऊन तिनं विषय काढला तेव्हा धम्मदीप नुकताच बसमधून उतरून आला होता. "रेसर? तू?" तो म्हणाला. "लोक हसतील की."

"हसू दे," करुणा म्हणाली. "रडण्यापेक्षा हसलेलं बरं. पण साडीचं काय करू ते सांगा. मी पंजाबी ड्रेस घालू का?"

सुनेनं ड्रेस घालायचा हे त्या गल्लीत अजून व्हायचं होतं. किशनराव छताकडं बघू लागले. धम्मदीप पुन्हा चपलेकडं.

लक्ष्मीबाई उठल्या. खुंटीवरचं आपलं धुतलेलं लुगडं काढलं, नऊवारी, हिरव्या काठाचं. "ये इकडं," म्हणाल्या आणि करुणाला आतल्या खोलीत घेऊन गेल्या.

"आमी काय उड्या मारल्या न्हाईत व्हय जन्मात? बांध ओलांडले, गाडीवर चढलो, बाभळीवर चढून शेळ्याला पाला तोडला. तुमच्या ह्या पाचवारीत पाय बांधल्यासारखे राहातेत. पाह्य." त्यांनी लुगडं करुणाच्या कमरेभोवती फिरवलं, निऱ्या धरल्या आणि एक टोक दोन पायांमधून मागं नेऊन असं कचकन खोचलं की करुणा दचकली. "ह्याला काष्टा म्हणतेत. आता टाक पाय कुठं टाकायचा तिथं."

करुणानं खोलीतल्या खोलीत खाटेवरून पाय टाकून पाहिला. अलीकडून पलीकडं. पुन्हा पलीकडून अलीकडं. सासू-सुना एकमेकींकडं बघून खुदकन हसल्या आणि बाहेर बसलेले दोघं काय झालं ते न कळून दाराकडं बघू लागले.

*

सकाळी हिरासिंगनं सीट खाली घेतली. "शिंगं बी वर करून देऊ का? उलटं फिरवलं का हॅंडल वर येते. सगळेच करून घेतेत."

"राहू द्या," करुणा म्हणाली.

किशनराव आपल्या टायरांच्या ढिगावर जाऊन बसले, मग पुन्हा उठले. सुनेनं दांडीवरून पाय टाकला तेव्हा त्यांनी मागून सीट धरली आणि अनवाणी चार पावलं सोबत पळाले. सोडली कधी, ते तिला कळलंच नाही.

पहिल्यांदा ती भ्यायलीच. ही सायकल वाट बघत नव्हती. पायाला नुसतं मनात आलं की पुढं. रस्त्यातला खडान् खडा हाताच्या तळव्याला सांगत होती. तिनं शिंगांच्या वरच्या आडव्या भागाला धरून, जीव मुठीत घेऊन पहिला टप्पा काढला. तांड्यापाशी पोचेपर्यंत मात्र दोघींची थोडी ओळख झाली होती.

शाळेत बोंब उठली. "मॅडम शिंगवाली घेऊन आल्या! मॅडम आजीचं लुगडं नेसल्या!"

शकुंतलाबाई चुलीपाशी कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "बाई गं! मास्तरीण का आजीबाई? अन् हे काय, शेपटीकडं बसायला जागाच न्हाई."

"मी एकटीच जाणार आहे, मावशी."

"व्हय," शकुंतलाबाई म्हणाल्या. मग तिचा पदर, त्याची दुहेरी घडी, सगळं बघून हळूच: "एकटी कुठं, बाई. जा. आज लिंबाला उपाशी ठेव."

घंटा झाली. करुणा निघाली.

वारा होताच, कालच्यासारखाच समोर. ओढा आला, चढ सुरू झाला. पायडल जड व्हायला लागलं तशी कालची आठवण आली. आता उतरावं लागणार. आणि तेव्हा, वाऱ्यानं डोळ्यात धूळ टाकली म्हणून असेल किंवा हात भरून आले म्हणून, तिचे हात आपोआप वरून घसरून खाली गेले, वळलेल्या शिंगांच्या पोटात. पाठ वाकली, मान खाली आली, आणि वारा एकदम तिच्यावरून जायला लागला. तो होता तिथंच होता. पण आता त्याला करुणा सापडत नव्हती. शिंगं खाली का असतात ते तिला कुणी सांगितलं नव्हतं. बैल चढावर मान खाली घालतो, तेव्हाही त्याला कुणी सांगितलेलं नसतं. तिनं दात आवळले आणि पाय चालवत राहिली. चढ संपला, तेव्हा तोही तिला कळला नाही.

राणी जागी होती. आजीच्या कडेवर, दाराकडं तोंड करून, रडण्याच्या अगदी कडेवर येऊन थांबलेली.

करुणा दाराआड बसली. धाप लागली होती. लेक छातीवर तिच्या श्वासाबरोबर वरखाली होत होती, आणि त्याची तिला गंमत वाटत असावी, कारण पिता पिता ती मध्येच थांबून हसायची आणि दूध हनुवटीवरून ओघळायचं. पदर धरलेली मूठ उघडली. बोटं पसरली. लुगड्याच्या हिरव्या काठावर ती बोटं निवांत फिरत राहिली. करुणाचे कान सासूच्या हाकेकडं होते. हाक येत नव्हती. लक्ष्मीबाई उंबऱ्यावर बसून सावलीकडं बघत होत्या, आणि सावली अजून आपल्या जागी होती.

मग राणीनं स्वतःहून तोंड सोडलं. जांभई दिली. आईकडं पाहिलं, काम झालं, आता तू जा, अशा नजरेनं.

करुणाचे डोळे भरून आले. किती महिन्यांनी असं झालं होतं! लेकीला सासूकडं देऊन ती दांडीवरून पाय टाकून निघाली, गल्लीच्या टोकाशी आली आणि सवयीनं कान मागं लावले. मागून काहीच येत नव्हतं. एक कोंबडी तेवढी ओरडत होती.

घंटा झाली तेव्हा ती वर्गात होती. तातेराव दारावरून गेले, थबकले, तिच्या लुगड्याकडं बघून काहीतरी बोलावं असं त्यांच्या मनात आलं असावं. पण "चालू द्या" म्हणून ते पुढं गेले.

*

आणि मग संध्याकाळी, सेनगाव दिसायला लागलेलं असताना, सायकल लंगडली.

बाभळीचा काटा. जाड टायरला जो नुसता टोचला असता तो ह्या बोटभर टायरमधून सरळ आत गेला होता. करुणा उतरली. सायकल ढकलत चालताना सबंध दिवस तिच्या मनातून उतरत गेला. खेड्यापाड्याचा रस्ता, दोन्ही अंगाला बाभळी. आज संध्याकाळी झालं ते उद्या दुपारी चढावर झालं तर? मामा काय म्हणतील? जुंपल्याच्या पहिल्याच दिवशी लंगडलेला बैल कोण घेतं? तिनं एक वेळ असाही विचार केला की काटा काढून टाकावा, हवा कमी होती म्हणून सांगावं. मग तिला आपलीच लाज वाटली. जो माणूस तिच्यासाठी दिवसभर तारण म्हणून बसला, त्याला फसवायचं?

दुकानात किशनराव तारण राहिलेच नव्हते. हातात पंप घेऊन ते कुणाच्या तरी सायकलीत हवा भरत होते.

"या बाई," हिरासिंग म्हणाला. "तुमचा सासरा लय कामाचा हाय. सायकल तुमी ठेवा, ह्याला मी ठेवून घेतो. फक्त गिऱ्हाइकाला दात पाहायला लावून राहिला, तेवढी तकलीफ हाय."

किशनरावांचं लक्ष टायरकडं गेलं होतं. "लंगडी?"

"काटा गेला, मामा. आत्ता, येताना." करुणानं दडवलं नाही. "टायर पातळ आहे. पुन्हाही जाईल."

त्यांनी चाक फिरवून काटा शोधला, काढला, तळहातावर घेऊन पाहिला. "अन् दुपारी? चढावर?"

"नाही बसली."

"वझं पोचलं?"

आता सासऱ्याला कसं सांगायचं? करुणानं पदराशी चाळा केला. "राणी पोटभर जेवली," ती म्हणाली. "मी निघाले, तर रडली नाही."

किशनरावांनी मान दुसरीकडं वळवली. बसस्टँडवरून एक गाडी सुटत होती. ती पार वळणाआड जाईपर्यंत ते तिच्याकडं बघत राहिले, जणू तिच्यात कुणी ओळखीचं होतं. मग खाकरले.

"हिरासिंग, खुराला नाल ठोकता येते का हिच्या?"

"येते ना. जुन्या टायरची पट्टी कापून आतून घालतो. थोडी जड व्हईल, पण काटा अडंल. एखांदा जाईलच, त्याला इलाज न्हाई."

"एखांदा तर पांढऱ्याच्या बी पायात जाते," किशनराव म्हणाले आणि आपल्या चपला शोधू लागले. "सौदा पक्का."

घरी लक्ष्मीबाई राणीला कडेवर घेऊन, हातात तांब्या धरून उंबऱ्यावरच उभ्या होत्या. नवा बैल दारात आला की पायावर पाणी घालायचं, ही त्या घरातली रीत. त्यांनी दोन्ही चाकांवर पाणी घातलं. धम्मदीप म्हणाला, "आई, गंज चढंल." त्या म्हणाल्या, "तुझ्या अकलेवर चढला तेवढा न्हाई चढणार." मग करुणाकडं वळून, थोड्या गंभीर होऊन: "पण पोरी, राणी अजून चार-सहा महिन्यात भाकरी खायला लागंल. मग ह्या शिंगवालीचं काय करशील?"

करुणानं तो विचार वाटेत केला होता. "दांडी आहे ना, आत्याबाई. टॉवेल गुंडाळून पुढं बसवीन. माझ्या दोन्ही हातांच्या मधी. मग शाळेतच घेऊन जाईन."

लक्ष्मीबाईंनी दांडीकडं पाहिलं, मग सुनेच्या हातांकडं, आणि नातीला तिच्याकडं दिलं.

राणी आईच्या कडेवरून खाली वाकली. तिनं ते लाल, वळलेलं शिंग दोन्ही हातांनी धरलं, जवळ ओढलं आणि आपले दोन नवे दात त्याच्यावर रोवले.

"पाह्य, पाह्य," किशनराव ओरडले, "नात माझीच हाय! दात लावून पाहून राहिली."